क्लास निवडण्याआधी शेवटची रांग पाहावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकाच्या घडीतून माझ्या हाती चार पत्रके पडली. एक झुंबाचे, एक ‘फॅट लॉस बूटकॅम्प’चे, एक योगवर्गाचे आणि चौथे या तिन्ही गोष्टी एकाच छताखाली देणाऱ्या जिमचे. ही पत्रके आपण छापत नाही, पहाटे गठ्ठे सोडताना विक्रेते ती अंकात सरकवतात, याची मला कल्पना आहे; त्यामुळे माझी तक्रार आपल्याविषयी नाही. मात्र ही पत्रके वाचून क्लासला नाव घालणारे लोक आपलेच वाचक आहेत आणि त्यांच्यातील बरेचसे माझ्यासारखे उतारवयात व्यायामाकडे वळलेले असावेत, म्हणून हे पत्र आपल्याकडे पाठवीत आहे.

मी अक्कलकोट रस्त्यावरील एका यंत्रमाग कारखान्यात ३१ वर्षे हिशेब लिहिला. जन्म खुर्चीत गेला. निवृत्तीनंतर पहिल्याच तपासणीत साखर वाढलेली निघाली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि ‘रोज चाला, शिवाय एखादा व्यायामाचा क्लास लावा’ असे सांगितले. कोणता क्लास, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत मी पैशांत आणि गुडघ्यात अशी दोन्हीकडे मोजली आहे.

आधी त्या पत्रकांपैकी एकाचा हिशेब मांडतो, कारण तेवढे एक काम मला नीट येते. ‘२१ दिवसांत १० किलो वजन कमी’ असे त्यावर ठळक अक्षरांत छापले आहे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात, म्हणजे १० किलोच्या ७७,००० झाल्या. त्यांना २१ ने भागले की रोज सुमारे ३,६६७ कॅलरी जाळणे आले. ७० किलो वजनाचा माणूस तासभर मनापासून झुंबा करतो, तेव्हा साधारण ४५० कॅलरी खर्च होतात आणि त्यांतल्या ७० तर नुसते बसून राहिला असता तरी झाल्याच असत्या. तरीही ४५० पुऱ्या धरल्या, तर रोज आठ तासांहून अधिक नाचावे लागेल. म्हणजे गिरणीची एक अख्खी पाळी, तीही आठवड्याच्या सुट्टीशिवाय. रोज एक तास याप्रमाणे २१ दिवस न चुकता क्लास केला आणि जेवण तसूभरही वाढवले नाही, तर सव्वा किलोच्या आसपास चरबी उतरेल. पहिल्या आठवड्यात काटा जो झरझर खाली येतो, त्यात बराच वाटा पाण्याचा असतो आणि पाणी पुन्हा भरून येते. क्लासहून परतताना सगळ्यांनी मिळून डोसा खाण्याची जी प्रथा अनेक बॅचमध्ये पडली आहे, तिचा हिशेब मी मुद्दाम मांडत नाही. ती मंडळी माझ्या ओळखीची आहेत.

वजनापेक्षा पोटाचा घेर मोजावा, असे माझे मत झाले आहे. भारतीय पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेघ मानली जाते. शिंप्याकडची टेप दहा-वीस रुपयांत मिळते आणि तीन महिन्यांनी तीच टेप क्लासचा उपयोग झाला की नाही, हे काट्यापेक्षा खरे सांगते.

आता माझ्या पहिल्या क्लासविषयी. नाव सांगत नाही. दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, वर पत्रे, खाली गुळगुळीत फरशी आणि एका बॅचला ४० माणसे. नवीन असल्याने मी साहजिकच शेवटच्या रांगेत उभा राहिलो. प्रशिक्षक पंचविशीतला, अंगाने पिळदार आणि स्वभावाने खरोखर चांगला मुलगा होता. पण समोरच्या चौथऱ्यावर उभा राहून तो आरशात स्वतःकडे पाहत व्यायाम करी आणि आम्ही त्याच्या पाठीकडे पाहत तो करण्याचा प्रयत्न करू. तुमचे वय किती, कोणती गोळी चालू आहे, कधी शस्त्रक्रिया झाली आहे काय, यांपैकी एकही प्रश्न मला विचारला गेला नाही. विचारले ते एवढेच, की सहा महिन्यांचे पॅकेज घेणार की वर्षाचे. पहिल्याच दिवशी जंपिंग जॅक, पाठोपाठ उडी मारून बैठका आणि मग बर्पी, म्हणजे खाली हात टेकून पाय मागे फेकायचे आणि पुन्हा उडी मारत उठायचे. चौथ्या दिवशी उजवा गुडघा बोलू लागला, तेव्हा त्याने लांबूनच ओरडून सांगितले, “काका, नो पेन, नो गेन!” सातव्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला. पुढचे सहा आठवडे मी घरी बसून होतो, डॉक्टरांनी सांगितलेले साधे चालणेही बंद पडले आणि सहा महिन्यांच्या फीचे साडेसात हजार रुपये ‘एकदा भरलेली फी परत मिळणार नाही’ या पावतीवरील बारीक ओळीत बुडाले. हिशेबनिसाने ती ओळ सही करण्याआधी वाचली नव्हती, हेही कबूल करतो.

गुडघा बरा झाल्यावर मी वेगळा मार्ग धरला. महिनाभरात मी शहरातील पाच क्लासना नुसता पाहुणा म्हणून गेलो. विजापूर रस्ता, होटगी रस्ता, पूर्व भाग, एक बागेतला उघड्यावरचा वर्ग आणि एक आमच्या जुळे सोलापुरातलाच. प्रत्येक ठिकाणी मी विनंती केली, की मला आज व्यायाम करायचा नाही, मागे बसून पूर्ण तास पाहायचा आहे. दोन ठिकाणी नकार मिळाला आणि तो नकारच पुरेसा बोलका होता. जिथे बसू दिले, तिथे मी पहिल्या रांगेकडे पाहिलेच नाही. पहिल्या रांगेत सहसा जुने, तरबेज, क्लासच्या रीलमध्ये दिसणारे लोक असतात. त्यांचे कोणत्याही क्लासमध्ये बरेच चाललेले असते. नवखे, वयस्क, जाड, संकोची, गुडघेदुखीवाले असे सगळे शेवटच्या रांगेत असतात. शिकवणाऱ्याची नजर तिथपर्यंत पोहोचते की नाही, हे पाहायला १५ मिनिटे पुरतात.

ज्या क्लासला मी आज जातो, तिथे त्या दिवशी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. शिकवणाऱ्या बाई चाळिशीच्या असतील. सगळे हात डोक्यावर नेत असताना मागच्या कोपऱ्यातल्या साडी नेसलेल्या एका मावशींचा डावा हात खांद्याच्या वर जाईना; त्या तो कसाबसा वर ढकलत होत्या आणि कोणी पाहत तर नाही ना, म्हणून इकडे-तिकडे बघत होत्या. बाईंनी गाणे चालूच ठेवले, मोजणी चालूच ठेवली आणि मोजत-मोजतच त्या मागे गेल्या. मावशींचा हात खाली आणून त्यांनी तो भिंतीवर टेकवला व बोटांनी भिंतीवर चढत जायला सांगितले, जिथे दुखेल तिथे थांबायचे. कोणाचे लक्ष गेले नाही. मग पुढे परत येताना त्यांनी सगळ्यांना उद्देशून म्हटले, “ज्यांचा हात वर जात नाही, त्यांनी भिंत घ्यायची.” दोन पुरुषांनी लगेच भिंत घेतली. त्यांना कधीपासूनचा त्रास होता, देव जाणे.

त्या तासात प्रत्येक व्यायामाची दोन रूपे होती. बैठक ज्याला जमत नाही, त्याने खुर्चीवर टेकून उठायचे. प्लँक, म्हणजे पालथे होऊन हातांवर आणि चवड्यांवर अंग सरळ ताठ धरणे, ज्याला जमत नाही, त्याने गुडघे टेकायचे किंवा ओट्यावर हात ठेवून तिरके उभे राहायचे. उडी ज्याला वर्ज्य आहे, त्याने एक-एक पाय बाजूला टाकायचा. महत्त्वाचे म्हणजे सोपे रूप बाई आधी करून दाखवत आणि अवघड रूप नंतर, त्यामुळे सोपे करणाऱ्याला आपण नापास झालो असे वाटत नसे.

अमुक प्रकारचा क्लास चांगला की तमुक, हा प्रश्न लोक प्रथम विचारतात. माझ्या मते तो दुसरा आहे, पण टाळता येण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार स्वरूपाचा, दम वाढवणारा व्यायाम करावा. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकद लावायला लावणारा व्यायाम करावा. आणि पासष्टी ओलांडलेल्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव त्यात घालावा. या तीन गोष्टी ध्यानात ठेवून पत्रके पुन्हा वाचली, की कशात काय कमी आहे ते दिसू लागते.

झुंबा हा कोलंबियाच्या आल्बर्टो ‘बेटो’ पेरेझ यांनी १९९० च्या दशकात घडवलेला प्रकार. गाण्यावर नाचता-नाचता तास कसा जातो ते कळत नाही, दम चांगला वाढतो आणि ज्यांना व्यायामाचा कंटाळा आहे, त्यांना बांधून ठेवण्याची त्याची ताकद मी पाहिली आहे. माझी पत्नी दीड वर्ष टिकली आहे ती त्याच बळावर. परंतु त्यात स्नायूंवर भार वाढत जात नाही. योगवर्गात लवचिकता, श्वास आणि तोल साधतो, वृक्षासनात एका पायावर उभे राहण्याचा उपयोग न्हाणीघरात पाय घसरता-घसरता वाचल्यावर कळतो; पण संथ आसनांनी दम वाढत नाही. सूर्यनमस्कार जलद घातले तर गोष्ट वेगळी. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा सार्वत्रिक व्यायाम म्हणून प्रसार केला, त्यामागे शाळेतल्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत कोणालाही साधनांशिवाय घालता यावा, हीच सोय होती. मात्र मनगट, कंबर किंवा खांदा दुखणाऱ्याने संख्येच्या मागे लागू नये.

‘ताबाता’ नावाचा प्रकार हल्ली पत्रकांत फार दिसतो, त्याविषयी दोन शब्द. इझुमी ताबाता या जपानी संशोधकांचा अभ्यास १९९६ सालचा. २० सेकंद जीव तोडून जोर, १० सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या. तो प्रयोग शारीरिक शिक्षण शिकणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांवर, जागच्या जागी बसवलेल्या सायकलवर झाला होता. तोच प्रकार बैठका आणि उड्यांच्या रूपात, कोणतीही चौकशी न करता, साठीच्या माणसाला पहिल्या आठवड्यात करायला लावणे यात संशोधकांचा काही दोष नाही.

खरी उणीव आहे ती ताकदीच्या व्यायामाची. आपल्याकडे ‘जिम मुलांसाठी, योगा-झुंबा बायकांसाठी’ अशी वाटणी झाली आहे आणि वजन उचलले तर अंग पुरुषी होते, ही भीती अजून गेलेली नाही. वास्तविक तिशी-चाळिशीनंतर स्नायू दर दशकाला थोडे-थोडे झडत जातात, साठीनंतर हा वेग वाढतो आणि जेवणानंतर रक्तातली साखर उचलण्याचे सर्वांत मोठे काम हेच स्नायू करतात; पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे विरळ होतात, त्यांनाही भार पडल्याने टिकून राहण्यास मदत होते. त्यामुळे ज्या ग्रुप क्लासमध्ये डंबेल किंवा रबरी पट्टे आहेत, त्यात एक प्रश्न जरूर विचारावा, की वजन कधी आणि कसे वाढवता? वर्षभर तेच दोन किलोचे डंबेल तितक्याच वेळा उचलायचे असतील, तर पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर प्रगती थांबते. आमच्या बाई एका वहीत प्रत्येकाच्या नावापुढे वजन आणि आवर्तने लिहितात. वही तेलकट झाली आहे, कोपरे दुमडले आहेत. खातेवहीची इतकी निगा मी स्वतः क्वचितच ठेवली.

माझ्यासारख्या मधुमेहींसाठी काही गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या क्लासने आपणहून विचारायला हव्यात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर उपाशीपोटी जोमदार व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते; हात थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे व्यायामाच्या थकव्यात सहज खपून जातात. खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोज ठेवावे आणि शेजारच्याला ते सांगून ठेवावे. व्यायामाने स्नायूंची साखर उचलण्याची क्षमता वाढते, पण तो परिणाम एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असे सांगितले जाते. अर्थात आठवड्यातून एकदा रविवारी अडीच तास घाम गाळणाऱ्या बॅचपेक्षा रोज अर्धा तास घेणारी साधी बॅच आमच्या कामाची.

किती जोर लावावा, यासाठी मनगटावरचे घड्याळ लागत नाही. व्यायाम करता-करता पुरते वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम जोर. दोन-चार शब्दांतच श्वास घ्यावा लागतो, म्हणजे जोमदार. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी घेणाऱ्यांची नाडी व्यायामातही फारशी चढत नाही, तेव्हा त्यांनी घड्याळावरील आकड्याच्या मागे लागून जोर वाढवत नेणे धोक्याचे आहे. छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अचानक चक्कर, यांपैकी काही झाले तर तत्काळ थांबून दवाखाना गाठावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकणे स्वाभाविक आहे. सांध्यात टोचणारी, सूज आणणारी वेदना स्वाभाविक नव्हे. पहिल्याच दिवशी अतिरेक केल्यानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर ती स्नायू फुटत असल्याची खूण असू शकते आणि तेव्हा पाणी पिऊन वाट पाहत बसू नये.

जागेविषयी सोलापूरकरांनी विशेष चोखंदळ असायला हवे. मार्च ते मे या काळात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहाची बॅच म्हणजे भट्टीच. त्यातही ‘घाम आला पाहिजे’ म्हणून पंखे बंद ठेवणारे प्रशिक्षक मी दोन ठिकाणी पाहिले. घाम अंगावरून वाळतो तेव्हाच अंग थंड होते. हवा खेळती नसेल तर तो नुसता गळतो आणि शरीर तापत राहते. गळलेला घाम म्हणजे वितळलेली चरबी नव्हे. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून एप्रिलमध्ये क्लास सुरू करणाऱ्याने सकाळची बॅच धरावी आणि पहिले दहा-बारा दिवस अर्ध्या जोरावर राहावे.

फरशीचा अनुभव तर सांगितलाच. काँक्रीटवरच्या फरशीवर अनवाणी उड्या मारणे गुडघ्यांना आणि नडगीला सोसत नाही. आपल्या गावचा अभिमान म्हणून अनेकजण चटईऐवजी घरची जुनी चादर घेऊन येतात. मीही आणत असे. सोलापुरी चादर अंथरायला, पांघरायला आणि सुनेला माहेरी पाठवताना द्यायला उत्तम, परंतु गुळगुळीत फरशीवर प्लँक करताना ती हाताखालून अशी सरकते, की हनुवटी आपटल्यावरच कळते. रबरी मॅट घ्यावी. चादर घरी राहू द्यावी, टॉवेल मात्र आपलाच न्यावा. झुंबासाठी धावण्याचे, फार पकड असलेले बूट घालू नयेत, कारण गिरकी घेताना तळवा जागेवर अडकतो आणि पीळ गुडघ्यात बसतो.

संगीताच्या आवाजाबद्दल मला अधिकाराने लिहिता येईल असे वाटते. कामगारांच्या श्रवणसुरक्षेचे एक प्रचलित गणित असे आहे, की ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम करता येते आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. मागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेली माणसे निवृत्तीनंतर समोरच्याच्या तोंडाजवळ कान नेऊन का बोलतात, हे मी रोज पाहिले आहे. ज्या हॉलमध्ये हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते, तिथे प्रशिक्षकाची सूचनाही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही, हे तर उघडच आहे.

सूचनेवरून आठवले. पूर्व भागातील ज्या वर्गात मी बसलो होतो, तिथे एक तरुण प्रशिक्षक ‘ओकटि, रेंडु, मूडु’ अशी तेलुगूत मोजणी करीत होता आणि श्वासाच्या सूचना मराठीत देत होता. मध्येच एका आजींसाठी त्याने दोन वाक्ये कानडीत टाकली. वर्गात बहुतेक स्त्रिया विडी वळणाऱ्या घरांतल्या होत्या, दिवसभर मांडी घालून, मान खाली घालून बसणाऱ्या. तो त्यांच्याकडून छाती उघडण्याचे आणि पाठीमागे हात ओढण्याचे व्यायाम अधिक करून घेत होता. ‘इन्हेल, एक्झेल, एंगेज युवर कोअर’ यापेक्षा ‘पोट आत घ्या, श्वास सोडत उठा’ हे ज्याला सुचते, त्याला समोर कोण उभे आहे याचे भान असते. माझे घर लांब नसते, तर मी तिथेच नाव घातले असते.

पात्रतेची चौकशी करण्यात संकोच नसावा. योगशिक्षकांसाठी आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील योग प्रमाणन मंडळाची परीक्षा असते. झुंबाचे नाव वापरणाऱ्याकडे झुंबा कंपनीचा परवाना असावा लागतो. निदान प्रथमोपचार आणि हृदय बंद पडल्यास छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत तरी हॉलमधल्या कोणाला येते काय, हे विचारावे. भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहिल्यावर त्यावरचे नाव आणि समोर शिकवणाऱ्याचे नाव एकच आहे ना, तेही पाहून घ्यावे. प्रमाणपत्र मालकाचे आणि शिकवणारा भलताच, असा प्रकार मी पाहिला आहे.

फीच्या बाबतीत माझे म्हणणे थोडक्यात असे, की पहिले तीन महिने महिन्याच्या महिन्याला भरावेत, मग ते महाग का पडेना. वर्षाचे पॅकेज स्वस्त दिसते, कारण जानेवारीत आलेले बरेचजण होळीपर्यंत येईनासे होतात आणि त्यांच्या रिकाम्या जागा पुन्हा विकता येतात. पावती छापील घ्यावी. जिम व योगकेंद्रांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला आहे, तेव्हा बिलावर जुना दर नाही ना, हे पाहावे. ‘फी परत मिळणार नाही’ एवढे छापले म्हणजे ग्राहकाचे सगळे हक्क संपले, असे नसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मी मागितली नाही. गुडघा दुखत होता आणि चूक अर्धी माझीही होती.

एकत्र व्यायामाला परकी फॅशन म्हणणाऱ्यांना मी आपल्या गणेशोत्सवाआधीच्या लेझीमच्या सरावाची आठवण करून देतो. रात्री चौकाचौकांत हलगीच्या ठेक्यावर पन्नास-साठ पोरे एका वेळी वाकतात, उठतात, पाय टाकतात, आणि एकट्याला दहा मिनिटांत जड झाली असती ती लेझीम दीड-दोन तास हातात टिकते. सिद्धेश्वराच्या यात्रेतील नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, पेलणारेही आधीपासून सराव करतात, आणि काठी एकाच्या कमरेवर असली तरी भोवतालचे हात तयार असतात. नव्या पोराला तिथेही मागेच उभे करतात, पण त्याच्या शेजारी एक जुना गडी देतात. हा जुना गडी देण्याचा भाग तेवढा आमच्या क्लासचालकांनी उचलावा, असे सुचवावेसे वाटते.

माझी आपल्यामार्फत क्लासचालकांना एवढीच विनंती आहे, की पत्रकात किलो आणि दिवस छापण्याऐवजी बॅचमध्ये जास्तीत जास्त किती माणसे घेणार, शिकवणारा कोण, एक दिवस मागे बसून पाहता येईल काय आणि मध्येच सोडल्यास फीचे काय, या चार ओळी छापाव्यात. जागा तेवढीच लागेल.

आता थोडे माझ्या वहीविषयी, म्हणजे मी नुसता उपदेश करतो असे होणार नाही. हात छातीशी बांधून खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठता येते, ही एक साधी चाचणी आहे. नवीन क्लासच्या पहिल्या दिवशी माझ्या ९ झाल्या होत्या, चौदा महिन्यांनी १५ होतात. पोटाचा घेर १०१ सेंटीमीटर होता, तो ९४ वर आला आहे. रेघ अजून चार सेंटीमीटर दूर आहे. वजन फक्त साडेतीन किलो उतरले. डॉक्टरांनी एक गोळी अर्धी केली. या काळात जेवणातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सुटलेली नाही, चटणीवरचे तेल मात्र कमी झाले.

आणि क्लास टिकला, याचे एक कारण कोणत्याही मार्गदर्शक सूचनेत सापडणार नाही. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या आड येते आणि ज्या दिवशी येते, त्या दिवशी सकाळी निम्मे घर मोटर, हौद आणि पिंपांमागे असते. पहिल्या क्लासमध्ये पाण्याच्या दिवशीची गैरहजेरी ही गैरहजेरीच धरली जाई आणि तीन झाल्या की मेसेज येई. आमच्या बाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक भागाचा पाण्याचा दिवस पेन्सिलीने लिहून ठेवला आहे आणि त्या-त्या दिवशी त्या भागातल्या लोकांसाठी त्या तासभर उशिरा दुसरी बॅच घेतात. उद्या आमच्याकडे पाणी आहे, तेव्हा मी सहाऐवजी सातला जाईन.

कळावे,
आपला नियमित वाचक,
जुळे सोलापूर, सोलापूर

(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)